थर्मलच्या सुरात लावलेली गिटार

मोटर फिरत नसेल, नुसती घूं करत असेल, तर आधी बटण बंद करा. परळीत जळालेल्या मोटरी पुन्हा भरून देण्याचं माझं दुकान आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो, आणि नीट सांगत नाही, खेकसतो. बहुतेक वेळा फक्त कपॅसिटर गेलेला असतो, किरकोळ काम. पण हे बाबा लोक आवाज ऐकत उभे राहतात आणि आतल्या तारेचा कोळसा करून आणतात. "ऐकत काय बसलास बे, भजन हाय का?" असं मी किती जणांना बोललो असेन, देव जाणे.

बेस गिटार मला कुणी शिकवली नाही. तरुणपणी एका लग्नात जनरेटर बघायला गेलतो. ऑर्केस्ट्राच्या स्पीकरमागे उभा होतो, तर एक आवाज कानात न येता थेट छातीत शिरला. झालं, ते भूत जे मानेवर बसलं ते बसलंच. लातूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राची जुनी गिटार आणली. चार तारा, पण लावायच्या कशा? घरात पेटी नाही, गावात मास्तर नाही. आमची खोली मात्र वीज केंद्राच्या, म्हणजे आमच्या थर्मलच्या, कुंपणाला लागून होती आणि तिथे रात्रंदिवस एकच घूं चालायचं. मी सगळ्यात बारीक तार त्या घूंला मिळवली आणि बाकीच्या तिच्यावरून लावल्या.

बायको लग्न होऊन आली ती त्याच आवाजात. भाकरी थापताना गुणगुणायची, आणि तिच्याही नकळत थर्मलच्याच सुरात. "अवो, शेजारीण म्हणती, तुमच्या घरात म्हैस हंबरती व्हय?" म्हणून हसायची. पण मी वाजवायचा थांबलो की लगेच विचारायची, "कावून थांबलात?"

ऑर्केस्ट्रात शिरलो तेव्हा कीबोर्डवाला पहिल्याच दिवशी ओरडला, "तुझा बेस वर चढतोय बे!" खरंच थोडा चढलेला होता. मग कार्यक्रमापुरत्या तारा उतरवायच्या आणि घरी आलं की परत थर्मलला लावायच्या, असं कितीतरी वर्षं चाललं. पुढे कीबोर्डवाला डाव्या हातानेच बेस वाजवायला लागला आणि मला काढून टाकलं. मला लई राग आला होता. बायको म्हणाली, "बरं झालं. आता घरी वाजवा."

थर्मलचे जुने संच बंद झाले आणि आमच्या खोलीतला तो आवाज थांबला. दोन वर्षांनी तीही गेली. तरी दुपारी जेवायला दार उघडलं की घूं येतं आणि त्यावर तिचं गुणगुणणं. वळून बघावं तर गॅस थंड. भीती वाटत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण खरी भीती ही, की एक दिवस हेही ऐकू येणार नाही.

पुण्याच्या लेकीने तिच्या जुन्या फोनमध्ये सापडलेला आईचा आवाज मला पाठवला. लेकीशी बोलता बोलता ती मध्येच गुणगुणली होती. तिच्याबरोबर एकदा वाजवायचं, एवढंच मला हवं होतं. लेकीने तारा लावायचं ॲपही माझ्या फोनमध्ये घालून दिलं होतं. त्यावर गिटार चोख लावली, वाजवायला बसलो, तर बायकोच बेसूर! मी चिडलो. "नीट गा की!" म्हणालो, मोठ्याने, मेलेल्या माणसाला. मग उमगलं, ती थर्मलच्याच सुरावर होती, ॲपवर लावून मीच उतरलो होतो. तिच्या आवाजावर तार लावू गेलो तर तिचा सूर क्षणात पुढे सरकायचा.

त्याच आठवड्यात एका शेतकऱ्याने मोटर आणली. "घूं करती, फिरंना. तुमचं सांगणं ध्यानात हुतं, लगीच बंद केली." शाब्बास म्हणालो. तो गेल्यावर तपासायला बटण दाबलं आणि अंगावर काटा आला. तेच घूं! थर्मलमध्ये तीच वीज, मोटरीत तीच वीज. सगळा जन्म मोटरी भरण्यात गेला आणि एवढं माझ्या टाळक्यात आलं नव्हतं.

पळत जाऊन घरून गिटार आणली. मोटर चालू केली, बारीक तार मिळवली, फोनवर तिचा आवाज लावला. लागला सूर! खाली थर्मल, वर ती, मध्ये मी. तिचं संपलं की पुन्हा लावायचो. पुन्हा. जळका वास आला तेव्हा मी डोळे पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी शेतकरी आला. पदरची तार घालून भरून देतो, दोन दिवस लागतील, असं त्याला सांगितलं. तो काळ्या पडलेल्या तारेकडे बघत राहिला.

"म्या तर लगीच बंद केलती, दादा. मंग जळली कावून?"

"माझ्या हातून जळली," मी म्हणालो. "ऐकत बसलो होतो."