पाठीवरचे पक्षी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही मी कुणाला दाखवत नाही, पण तुमच्या हाती पडलीच तर सांभाळून घ्या.

कापड हातात आलं की ताई आधी खिडकीसमोर धरायची आणि विचारायची, "हे कुठे बघतंय?" कापडही कुठेतरी बघतं, हे मी तिच्याकडेच शिकले. ती घानाची. जर्मनीत एर्लांगेनला स्टेशनमागच्या गल्लीत तिचं दुकान होतं. तिकडची छापील सुती कापडं आणून त्यांचे झगे, कोट ती स्वतः बेतायची.

मुलाकडे तिथे राहायला आल्यावर पहिल्यांदा मी सुनेबरोबर गेले, तिच्या पँटची चेन बदलायला. ताईने माझा हात धरला, बोटावरचा सुईचा घट्टा पाहिला आणि स्टूल पुढे केलं. गावी मी तीस वर्षं ब्लाउज शिवले होते. दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे शिवू लागले.

जर्मनचे मला वीसेक शब्द येत. मी तिला ताई म्हणायची, ती मला आंटी. घाई केली की म्हणे, "लांगझाम, आंटी." म्हणजे सावकाश.

एका नवरीच्या झग्यासाठी ताईच्या आईने घानातल्या आक्राहून पक्ष्यांचं कापड पाठवलं होतं. ती बाहेर गेली होती, म्हणून मीच कापलं. ब्लाउजपीसमध्ये एक भाग सरळ, एक उलटा ठेवला की कापड वाचतं. तसंच केलं आणि वाचलेलं पाऊण मीटर घडी घालून मोठ्या ऐटीत तिच्या हातात दिलं.

तिने पाठीचा भाग खिडकीसमोर धरला. सगळे पक्षी डोकं खाली, पाय वर. पुढचा भाग त्याच्या शेजारी धरला. मग हातांनी दाखवत म्हणाली, "पुढचे उडाले, आंटी. मागचे घरी उतरतायत."

नवरीने झगा घेतला नाही. कापडाचे नव्वद युरो मी देणार, असा हट्ट मी धरला. ती नकोच म्हणत होती, शेवटी महिन्याला दहावर तयार झाली. झगा तिने स्वतःच उन्हाळाभर घातला. मागून कुणी हसलं की आणखी ताठ चालायची.

पुढे आईच्या आजारपणामुळे दुकान बंद करून ती आक्राला गेली. तेव्हा शेवटचे दहा राहिले होते. सुनेने फोनवरून लगेच पाठवले असते, मीच पाठवू दिले नाहीत. देणं आहे तोवर ती विचारेल, असं वाटायचं. आणि विचारायचीही. सून निरोप वाचून दाखवी, "आंटी, माझे दहा?" मी कळवायची, "लांगझाम."

परवा फोटो आला. नव्या दुकानाच्या दारात ती पाठमोरी उभी, अंगात तोच झगा. खाली लिहिलं होतं, आई गेली, दुकान तिच्याच नावाने उघडलंय. या वेळी दहा विचारले नव्हते.

मी फोन उलटा धरून पाहिला. पक्षी सरळ झाले. मग सुनेला म्हटलं, "पाठव गं. नव्या दुकानाचं येणं आपल्याकडे नको."

संध्याकाळी मिळाल्याचा निरोप आला. नव्वदचे नव्वद फिटले.