समुद्राच्या बर्फाचा चहा

२००६च्या फेब्रुवारीत उत्तर जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड शहरासमोरचा उथळ उपसागर काठापासून नजर पोहोचेल तिथवर गोठलेला होता. नवरा तिथल्या एका संशोधन संस्थेत काम करत होता आणि मी पुण्यातली उपसंपादकाची नोकरी सोडून त्याच्याबरोबर आले होते. बातम्या सुटल्या, सवय सुटली नाही. रोज सकाळी मी किनाऱ्याचा बर्फ-अहवाल वाचत असे: कुठल्या बंदरात बर्फ किती जाड आहे, कुठे अजून नुसता लगदा आहे, कुठली फेरी बंद पडली, बर्फ फोडणारी बोट कुठे निघाली. त्या हिवाळ्यात अहवाल ऐकायला घरात आणखी एक माणूस होता. जालन्याहून सासू-सासरे आले होते आणि सासरे रोज खुर्ची ओढून ऐकायला बसत.

सासरे निवृत्त भूगोल शिक्षक. खारं पाणी गोठताना मीठ बाहेर टाकतं, म्हणून समुद्राचा बर्फ वितळवला तर पिण्याजोगं पाणी मिळतं, हे त्यांनी नववीच्या कित्येक वर्गांना शिकवलेलं. एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, तुम्ही पिऊन पाहिलंय का?’ वर्ग हसला. सरांनी पाहिलं नव्हतं. पुस्तकात आहे, असं ते म्हणाले आणि वर्ग पुन्हा हसला. शाळेतला हा किस्सा घरी पोचायला वेळ लागला नाही. सासूबाईंनी तो प्रश्न उचलून ठेवला. कलिंगड लाल निघेल, एसटी वेळेवर येईल, अमका मुलगा सज्जन आहे, असं सासरे काहीही ठामपणे म्हणाले की त्या विचारत, “पिऊन पाहिलंय का?” पुढे नातेवाईकही विचारू लागले. सासरे निवृत्त झाले तरी त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही.

आता गोठलेला समुद्र बसने जाऊन गाठता येत होता आणि परतीचं विमान पुढच्या आठवड्यात होतं. हवामान खात्याने बर्फ वितळण्याचा अंदाजही दिला होता. सासऱ्यांनी लोणच्याची रिकामी बरणी धुवायला घेतली.

“त्यात अमृत आणलंत तरी खारट लागेल,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांना स्टीलचा डबा दिला. अटीही त्यांनीच घातल्या. नदी जिथे समुद्राला मिळते तिथला बर्फ चालणार नाही, कारण ते पाणी मुळात गोडंच. पाणी त्या स्वतः उकळणार आणि पहिला घोट त्यांचा. सासऱ्यांनी सगळं मान्य केलं. सासूबाईंची जीभ मिठाच्या बाबतीत चुकत नाही, हे त्यांना माहीत होतं.

आम्ही उपसागराच्या दक्षिण काठावर लुबमिनला गेलो. तिथे एक लांब लाकडी धक्का समुद्रात जातो. धक्क्याच्या खांबांशी राखाडी रंगाचा ताजा, भिजलेला बर्फ साचला होता. हाताला तोच सहज लागत होता. सासऱ्यांनी डबा त्यानेच भरला. घरी तो वितळवला, पाणी फडक्यातून गाळून, उकळून निवू दिलं. सासूबाईंनी घोट घेतला.

“खारट.”

सासऱ्यांनी घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला. “थोडंसं,” ते म्हणाले.

“अहो, मीठ थोडंसंच घालतात.”

त्यानंतर मात्र सासूबाईंनी एकदाही चिडवलं नाही. सासऱ्यांना तेच जास्त लागलं असावं. दोन दिवस त्यांनी बर्फाचा अहवाल ऐकायला खुर्ची ओढली नाही. नवऱ्याने एखाद्या सहकाऱ्याला विचारून पाहतो म्हटलं, तेव्हा नको म्हणाले. विचारून कळलेलं त्यांच्याकडे आधीच भरपूर होतं.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी श्रीखंड करायला घेतलं. जर्मनीत दुकानात क्वार्क मिळतं, ते चक्क्यासारखंच असतं आणि इथली सगळी मराठी घरं त्याचंच श्रीखंड करतात. सासूबाईंचा विकतच्या चक्क्यावर विश्वास नव्हता. त्यांनी दही फडक्यात बांधून सिंकच्या नळाला टांगलं. सासरे पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले आणि तिथेच उभे राहिले. पुरचुंडीतून पाणी ठिबकत होतं. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, बर्फ कुठे पाण्याच्या वर चढून बसलाय का, असं अहवालात काही असतं का?

असतं. मी वाचून दाखवलं: उत्तरेचा वारा जोरात, बर्फ दक्षिण काठावर रेटला जात आहे, लुबमिनच्या बाजूला लाद्या एकमेकींवर चढल्या आहेत. सासऱ्यांचं म्हणणं असं होतं की ताज्या बर्फाच्या भोकांत खारं पाणी अडकून राहतं. तो पाण्यातच पडून असला तर ते जाणार कुठे? दही भांड्यातच ठेवलं तर चक्का होत नाही. उंचावर टांगायला हवं, आणि वेळ द्यायला हवा.

“म्हणजे माझ्या दह्याने तुम्हाला शिकवलं,” सासूबाई म्हणाल्या.

“आधी पिऊन तर बघू,” सासरे म्हणाले.

या वेळी सासूबाईही बरोबर आल्या. लुबमिनला वाळूवर बर्फाच्या लाद्यांची भिंत उभी होती, सासऱ्यांच्या डोक्याहून उंच. खालच्या लाद्या राखाडी, वरच्या निळसर, आरपार दिसाव्यात अशा. उन्हाकडच्या बाजूला एका लादीच्या खालच्या कडेवरून थेंब गळत होते. सासऱ्यांनी हातमोजा काढला, एक थेंब बोटावर घेऊन चाखला आणि तोंड वाकडं केलं. मग हसले. जे बाहेर यायला हवं होतं ते येत होतं.

वरच्या लादीचा कोपरा त्यांनी घरच्या लोखंडी बत्त्याने फोडला. कुत्रा फिरवायला आलेले एक आजोबा थांबून बघत होते. “फॉर व्हिस्की?” त्यांनी विचारलं.

“फॉर टी,” सासरे म्हणाले.

“आल्झो,” म्हणजे ‘बरं तर’, एवढं म्हणून आजोबा कुत्र्यामागे निघाले. सासूबाईंनी दुसरा डबा पुढे केला. एकाच पाण्याचा चहाही आणि साधा घोटही व्हायला हवा, म्हणजे साखरेने फसवलं असं कुणी म्हणायला नको.

घरी पाणी उकळलं, निवलं. पेल्यात ओतलं. सासूबाईंनी घोट घेतला, गिळला, दुसरा घेतला. नवरा त्या दिवशी संस्थेतून लवकर आला होता. तोही दारात कोट न काढता थांबला.

“गोडं आहे,” सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी पेला घेतला आणि उभ्या उभ्या रिकामा केला. मग चहा झाला, आलं घालून. त्यांनी दोन कप घेतले, तिसरा मागितला आणि मिळाला. घरात एरवी तिसरा कप मिळत नसे. नंतर त्यांनी जालन्याला धाकट्या भावाला फोन लावला. ते इतके मोठ्याने बोलत होते की शेजारच्या खोलीत दार लावूनही सगळं ऐकू येत होतं: समुद्र गोठलेला आहे, त्याचा बर्फ स्वतःच्या हाताने फोडला, पाणी प्यालो, चहा प्यालो, तुझी वहिनी साक्षीला आहे. पलीकडून काहीतरी शंका आली असावी. सासऱ्यांनी फोन सासूबाईंच्या हातात दिला.

“हो, खरं आहे,” त्या म्हणाल्या. “मी स्वतः प्याले. आता त्यांना कुणी काही विचारायचं नाही.”

पातेल्यात बरंच पाणी उरलं होतं. मी ते सिंकमध्ये ओतायला निघाले तेव्हा सासूबाईंनी अडवलं आणि संध्याकाळच्या वरणाला तेच घ्यायला सांगितलं. जेवताना सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि वरणात मीठ कमी असल्याचं सांगितलं.

“असणारच,” मिठाची वाटी त्यांच्याकडे सरकवत सासूबाई म्हणाल्या. “समुद्राचं पाणी आहे ते.”