बीप करणारा बोर्ड

आमच्या घरी खोडरबर एकच होता आणि तो कधी कागदाला लागला नाही. तो बाबांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. त्याचं काम कॉम्प्युटरची रॅम घासणं. कॉम्प्युटर सुरू करूनही पडदा काळाच राहिला, की बाबा कॅबिनेट उघडायचे, रॅमची हिरवी पट्टी काढायचे, तिच्या कडेचे सोनेरी दात रबरानं हलके घासायचे, फुंकर मारायचे आणि पट्टी परत खाचेत बसवायचे. मग बटण दाबून कान द्यायचे. आतून बारीक बीप आला की म्हणायचे, "झालं."

बाबा सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी नारळ फोडून त्याचं उद्घाटन केलं, हार घातला, भाषण केलं. वायर भिंतीत खुपसायची राहिली होती, ती बाबांनी खुपसली. तेव्हापासून ते यंत्र त्यांचं झालं. पुढे निवृत्तीनंतर त्यांनी अकोल्यात, जुन्या शहरातल्या आमच्या घरी स्वतःची पेटी जुळवली. कॉम्प्युटरला ते पेटीच म्हणत. मी तेव्हा कॉलेजात होतो. एकेक भाग महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. आज बोर्ड, मग रॅम, मग कधीतरी हार्ड डिस्क. बाबा स्क्रू फिरवत आणि मी उजेडासाठी बॅटरी धरून उभा राही. रॅम घासायलाही त्यांनी मला शिकवलं होतं. मी इतक्या जोरात घासली की त्यांनी पट्टी हातातून काढून घेतली. "तू प्राध्यापकच हो," ते म्हणाले. मी अमरावतीला जाऊन तेच झालो.

त्या पेटीवर गल्लीतल्या कितीतरी लग्नांचे बायोडाटा टाइप झाले. विहारातल्या कार्यक्रमांच्या सूचना झाल्या, विजेच्या बिलाविरुद्धच्या तक्रारी झाल्या. मग बाबा विसरू लागले. आधी शब्द, मग वार, मग माणसं. शेजाऱ्यांना ते नव्यानं आलेले भाडेकरू समजायचे आणि सौजन्यानं कुठून आलात म्हणून विचारायचे. डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या वस्तू हलवू नका, बदलू नका, ओळखीचं जे आहे ते तसंच राहू द्या.

पेटी ते ओळखत होते. फोनवर मलाही ओळखत होते, म्हणजे जरा थांबून ओळखत होते.

आईचा फोन आला तो पेटीसाठीच. "तुया बाबाची पेटी गेली रे," ती म्हणाली. "रोज सकाळी उठले का रॅम काढतात, घासतात, बसवतात. चालू असली तरी बंद करून काढतात. म्या म्हटलं, काहून काढता? तर म्हणतात, बिघडली आहे. आता खरंच बिघडली. पीप करत नाही. दिवसभर बटण दाबून राहिले."

मी जाऊन पाहिलं. रोजच्या काढण्या-घालण्यानं बोर्डावरची खाच ढिली झाली होती, एका टोकाची पकड तुटली होती. अकोल्यातल्या दुरुस्तीवाल्यानं बोर्ड उजेडात धरला आणि म्हणाला, "सर, हा आता भेटत नाही. बोर्ड बदलला का प्रोसेसर बदला, रॅम बदला. पेटीचा पत्राच राह्यते."

मग मी कॉम्प्युटरचे भाग निवडायला बसलो. लोक जास्त वेगाचं, कमी आवाजाचं, नव्या धाटणीचं शोधतात. मला असं सगळं नवं हवं होतं, जे घरात आल्याचं कळणार नाही. बाबांच्या कीबोर्डाच्या वायरचं टोक गोल आणि जांभळं होतं. ते जाईल असं भोक असलेला बोर्ड हवा होता. जुन्या मॉनिटरची निळ्या टोकाची वायर लागायला हवी होती. खाचा दोनाऐवजी चार हव्या होत्या, म्हणजे एक झिजली की दुसरी. खाचेला दोन्ही टोकांना पकड हवी होती, कारण बाबांचे अंगठे दोन्हीकडे एकदम दाबायचे. आणि बीप हवा होता.

अमरावतीच्या दुकानदारानं माझ्यापुढे काचेच्या भिंतीचं कॅबिनेट ठेवलं. बटण दाबताच आत लाल, निळे, जांभळे दिवे पळू लागले. वरातीत माणसांच्या डोक्यावर दिवे असतात, ते निदान नवरदेव दिसावा म्हणून असतात. इथे पाहण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

"कॅबिनेट जुनंच आहे," मी म्हणालो. "रॅम साधी द्या. हिरवी."

"सर, साधी कोन घेते आता? ही पाहा, दिवेवाली. मोबाइलवरून रंग बदलते."

"दात दिसले पाहिजेत. रोज घासायची आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "रोज?"

"रोज."

"मंग नवी काहून घेऊन राहिले?"

पंख्याचं विचारलं तर तो अभिमानानं म्हणाला, "आवाजच येत नाही." मी म्हणालो, आवाज येणारा दाखवा. तो हसला, मग माझा चेहरा पाहून हसायचा थांबला. "घरी म्हातारं माणूस आहे काय?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. त्यानं निमूटपणे आतून साधी हिरवी पट्टी आणली आणि चार खाचांचा एक बोर्ड प्रोसेसरसकट काढला. डबीतून वायर लावलेला एवढासा काळा बझर काढून त्यावर ठेवला. नव्या बोर्डांना आवाज नसतो, तो असा वेगळा जोडावा लागतो.

बडनेऱ्याच्या स्टेशनावर गाडीत बसलो तेव्हा खोकं मांडीवर होतं. मी नवससायास न मानणारा माणूस. तरी वाटेत मनाशी एक हिशेब मांडत होतो. बाबांनी पेटी ओळखली, तर ती जुळवताना बॅटरी धरून कोण उभं होतं तेही त्यांना आठवेल. पेटी आणि मी त्यांच्या डोक्यात एकाच कप्प्यात असणार. ती राहिली तर मीही राहीन.

दुपारी घरी पोचलो. बाबा पेटीसमोरच बसले होते. माझ्याकडे पाहून त्यांनी मान लववली आणि खुर्ची सोडून बाजूला झाले. आईनं पाणी आणलं. मी खाली चटईवर सामान मांडलं आणि जुन्या पत्र्यात नवा बोर्ड बसवू लागलो. बाबा वाकून सगळं पाहत होते. जुना पंखा मी पुढच्या जाळीला तसाच राहू दिला, घरघरीसाठी.

रॅमची वेळ आली तेव्हा मी नवी पट्टी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली नाही. खिशातून रबर काढला आणि त्याच्यामागून स्वतःची जुनी पट्टी काढली. ती ते बोर्डाच्या खाचेत बसवू लागले. बसेना. नव्या पट्टीच्या दातांमधला काप वेगळ्या जागी असतो. त्यांनी उलटी करून पाहिली, परत सुलटी केली. मग कॅबिनेटपासून मागे सरकले.

"ही आपली पेटी नोहे," ते म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी नवी पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बराच वेळ उलटीपालटी केली, दातांवर रबर फिरवला, फुंकर मारली, काप जुळवला आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. दोन्ही पकडी टक्‌ करून मिटल्या. मी बटण दाबलं. पंखा घरघरला. आणि आतून बारीक, स्वच्छ बीप आला.

बाबांचा चेहरा उजळला. "झालं," ते म्हणाले. कीबोर्डावर हात ठेवला, पडद्यावर हात फिरवला. "झालं. हीच."

आई पदरानं डोळे पुसत आत गेली. मी चटईवर बसून होतो आणि मला हसू येत होतं.

बाबा माझ्याकडे वळले. "चांगले कारागीर आहात तुमी," ते म्हणाले. "माया पोरगा अमरावतीले आहे, प्राध्यापक. तो आला का दाखवतो त्याले. आमी दोघांनीच बनवली होती ही."

मी बटण बंद केलं. पंखा हळूहळू थांबला.

"थांबा, तुमाले एक शिकवतो," ते म्हणाले. त्यांनी पट्टी काढून माझ्या हातात दिली, वर रबर ठेवला. "पोराले शिकवलं होतं, त्याले जमलं नाही. लई जोर लावते तो. दोन बोटांनी धरा. एकाच बाजूनं घासा. दमानं."

मी घासू लागलो. त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात हलका केला.

"अस्सं," ते म्हणाले. "समजलं?"

"हो, काका," मी म्हणालो.