घोट्यावरचा करंट

आमच्या वसईच्या धर्मादाय दवाखान्यात औषधं कधी साठली नाहीत. किस्से मात्र कपाटाबाहेर सांडतात. मी इथे नुकतीच फिजिओथेरपिस्ट म्हणून लागलेय, तरी माझ्याकडेही ढीग झालाय.

सिसिलियाबाई माझ्या पहिल्या पेशंट. जवळच्या गास गावातल्या शाळेत शिकवायच्या. मल्टिपल स्क्लेरॉसिसने मेंदू-मणक्यातल्या नसा खराब झालेल्या. पाय अडखळायचे आणि लघवीची कळ आली की धरवत नसे. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जाणंही त्यांनी सोडलं होतं. मला म्हणाल्या, "मुलीचं लग्न आहे. आईची जागा पहिल्या बाकावर असते. तेवढा वेळ मला बसव."

*

दवाखान्याला देणगीत स्टिम्युलेटर आला, नसांना करंट देणारं मशीन. घोट्याजवळच्या नसेला हलका करंट दिला, तर मूत्राशय शांत होऊ शकतं, असं मी दवाखान्याच्या कमिटीला समजावलं. चेअरमन म्हणाले, "दुखणं वर आणि करंट खाली? मॅडम, तुमचंच वायरिंग तपासून घ्या!" सगळे हसले. मीटिंग संपली.

*

उद्घाटनाशिवाय मशीन वापरायचं नाही, असं ठरलं. उद्घाटनाच्या पाहुण्यांना सवड मिळेना. लग्न जवळ येत होतं आणि मशीन हार घालून कुलपात. हार वाळला. कमिटीने तातडीने हार बदलला!

*

भाषणात 'लघवी' हा शब्द नको, अशी मला तंबी होती. म्हणून पाहुण्यांनी ते पायदुखीचं मशीन म्हणून जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी पार अर्नाळ्यापासून लोक गुडघे धरून आले. बाई रांगेत शेवटी. त्यांचा नंबर लागेपर्यंत बहुतेक वेळा वीज गेलेली असायची.

*

संडास अंगणापलीकडे, पायऱ्या चढून. मी मशीनच्या खोलीजवळ एक बांधून मागितला. चेअरमन खरोखर चकित झाले. "मशीन आणलं ना? मग आता संडास कशाला?"

*

लग्नाच्या मिस्साला बाई पहिल्या बाकावर बसल्या. प्रवचन लांबलं, गायन त्याहून लांबलं. मी मागून त्यांच्या पाठीकडे बघत होते. त्या एकदाही उठल्या नाहीत.

बाहेर चेअरमन लग्नाच्या पाहुण्यांना सांगत होते, ही सगळी आमच्या मशीनची कमाल. मी धावत जाऊन बाईंचे हात धरले. त्यांचे ओठ कोरडे पडून फुटले होते.

त्या माझ्या कानाशी वाकल्या. "काल दुपारपासून पाण्याचा घोट घेतला नाही, पोरी. या कमिटीवाल्यांना सांगू नकोस. मशीन काढून घेतील."