अव्वाचा फोन

विनीताला देगलुरात अजून कुणी इंजिनियर म्हणत नाही. नवऱ्याला सोडून आलेली रुद्रेशची बहीण, एवढीच तिची ओळख. दिवसभर लॅपटॉपपुढं बसते, तर गल्लीतल्या बायकांना वाटतं, पिक्चर बघत असेल. हैदराबादच्या एका कंपनीसाठी ती शेतमालाचे दर दाखवणारं अ‍ॅप बनवते, हे सांगून सांगून मी थकले. आम्ही एका बाकावर शिकलो, आता समोरासमोर राहतो. मी शाळेत शिकवते आणि मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते.

ती माहेरी परत आली तेव्हा तिचे वडील नुकतेच गेले होते. थोरला भाऊ रुद्रेश, मोंढ्यात त्याची आडत, म्हणजे शेतमाल विकून देण्याची दलाली. त्यानं पहिलं काम काय केलं, तर बहिणीला रजिस्ट्री ऑफिसात नेऊन वडिलांच्या जमिनीवरचा आणि घरावरचा हक्क सोडवून घेतला. आमच्याकडं बहिणी हे करतातच. सही केली की साडी मिळते, गोडाचं जेवण होतं आणि माहेर टिकतं म्हणतात. मी तिला नको म्हणाले होते. ती म्हणाली, "उज्वला, वाटा मागितला तर अण्णाचं बोलणं तुटंल. मला राहायचं हाय तिथं." साडी मोरपंखी होती. पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी लोणच्याची बरणी घेऊन गेले, तर विनीता घामाघूम. अ‍ॅप सगळीकडं चालत होतं, पण जुन्या स्वस्त फोनवर दर उघडला की बंद पडत होतं. तसा फोन घरात एकच, अव्वांचा, म्हणजे तिच्या आईचा. फोनच्या आत नेमकं कुठं अडतंय ते लॅपटॉपवर बघायचं तर डीबगर लागतो, आणि तो फोनला जोडलाच जात नव्हता. वायरनं जोडावा, तर त्या फोनचं चार्जिंगचं तोंड ढिलं. वायर वाकडी धरली तर कसाबसा चार्ज व्हायचा, बाकी काही नाही. राहिलं वायफाय. चार वाजता दुरुस्त अ‍ॅप कंपनीला दाखवायचं होतं. मुदत आधीच वाढवून झाली होती. या वेळी चुकलं की नोकरी गेली, असं तिच्या साहेबानं, सुगतनं, स्पष्ट सांगितलेलं. आणि नोकरी गेली की भावाच्या घरात भावाच्या मर्जीनं जेवणं आलं.

सकाळपासून तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? फोन बंद-चालू, लॅपटॉप बंद-चालू, डीबगर काढून पुन्हा टाकला. फोनवर आलेला कोड लॅपटॉपवर टाकायची, चक्र फिरत राहायचं, आणि शेवटी जोडणी झाली नाही असा निरोप.

"दोन्ही एकाच वायफायवर हायत गं. दोन्हीवर नेट चालून राहिलं. मग एकमेकाला दिसंनात कसे?"

अव्वा कॉटवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

शेवटी तिनं सुगतला फोन केला. त्यानं विचारलं, घरच्या राउटरची सेटिंग कुणी बदललीय का? तशी एक सोय असते म्हणे. ती चालू केली की घरातल्या सगळ्या यंत्रांना इंटरनेट मिळतं, पण एका यंत्राला दुसरं दिसत नाही. विनीतानं राउटरचं पान उघडलं, तर पासवर्ड चालेना. तो तिनंच ठेवलेला होता.

मग रुद्रेशला लावला, स्पीकरवर.

"हाव, मीच बदलून घेतलं. मागल्या हप्त्यात नेटवाला आला व्हता ना."

"पण कशाला, अण्णा?"

"दुकानाचा समदा हिशेब घरच्या कंप्युटरवर हाय. तू त्यातली हुशार. उद्या कुणाच्या मनात काय येईल, सांगता येतंय का?"

"मी सही करून दिली ना तुला!"

"म्हणून तर. सही करून दिलेल्यालाच मागनं पस्तावा होतो."

"तासाभरासाठी उघड. माझी नोकरी जाईल, अण्णा."

"सौदे चालू हायत हितं. रातच्याला बघू." फोन कट.

विनीता रडली नाही. माझ्याच अंगाची लाही लाही झाली. जिनं अख्खी जमीन एका रंग जाणाऱ्या साडीवर सोडली, ती याच्या हळदीच्या विक्रीच्या पट्ट्या चोरून वाचणार होती? निर्लज्ज माणूस.

"माझ्या फोनचं नेट घे," मी म्हणाले आणि हॉटस्पॉट चालू केला. तिनं लॅपटॉप त्यावर घेतला, अव्वांचा फोन त्यावर घेतला, कोड टाकला. पहिल्या झटक्यात जोडला गेला. स्वतःच्या माहेरात बसून, शेजारणीच्या नेटवर. चूक सापडायला मग फार वेळ लागला नाही. दराशेजारी येणारा पिकाचा मोठा फोटो त्या जुन्या फोनला झेपत नव्हता. तिनं फोटो लहान केला. चारला अ‍ॅप दाखवलं, सुगत खूश झाला, नोकरी वाचली.

मी पेढ्यांचं काढणार, तेवढ्यात अव्वा बोलल्या.

"झालं का गं?"

"झालं."

"तो नेटवाला आला तवा मी हितंच बसले व्हते. रुद्रेश त्याला काय सांगून राहिला, समदं ऐकलं."

विनीतानं लॅपटॉप मिटला. "मग सकाळपासून बोलली का न्हाईस? तुझाच फोन घेऊन तुझ्यासमोर मरून राहिले ना मी!"

"बोलले असते तर त्याला कळलं असतं, कुणी सांगितलं ते." अव्वांनी फोन उचलला आणि पदरानं पुसला. "मी बी सही करून दिली हाय, विनी. तुझ्या मागनं. मला तर साडी बी न्हाई आणली. पण मला राहायचं हाय हितं."