सलोमीबाईंची अडलेली प्रार्थना

कारंज्याजवळच्या एका लहान मिशनशाळेत मी साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झालो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुख्य बाई सलोमीबाई प्रार्थना अर्धवट टाकून वर्गाबाहेर निघून गेल्या. मुले डोळे मिटून, हात जोडून तशीच उभी राहिली. मी मात्र डोळे उघडून दाराकडे पाहत होतो. जाताना बाई एवढेच म्हणाल्या होत्या, "आमेन म्हणू नका रे. आलीच मी."

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमेची एक ओळ आहे. आम्ही आमच्या अपराध्यांना जशी क्षमा केली, तशीच आम्हांला कर, असे तीत मागायचे असते. बाकीचे जग ही ओळ एका श्वासात म्हणून मोकळे होते. सलोमीबाई तिच्याआधी थांबत, मनात डोकावून पाहत, आणि कोणावर राग शिल्लक आढळला तर तो मिटवूनच पुढची ओळ म्हणत. त्या दिवशी राग होता रहिमानबी कासारणीवर. तिने नाताळासाठी मुलींना दिलेल्या बांगड्यांत काही तडकलेल्या निघाल्या होत्या. बाईंनी तिला तोंडावर तसे सांगितले, तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "या खुदा! दोन बांगड्यांसाठी देवाले ताटकळत ठेवलं का, बाई? घ्या बदलून अन् जा लवकर!" बाई हसत परतल्या आणि प्रार्थना पुरी झाली. बाजारात तर लोक एकमेकांना विचारत, "आज बाईची प्रार्थना कोणाच्या दारात अडली?"

मला हा प्रकार शिस्तीला सोडून वाटे. एकदा तसे बोललोही. त्या म्हणाल्या, "मास्तर, पोरानं उत्तर चुकवलं तर तुमी पाटी पुसाले लावता. मंग मी देवापुढं चुकलेली पाटी कशी धरू?"

बाई विधवा होत्या. शामुवेल हा त्यांचा एकुलता एक मुलगा. एका वैशाखात मायलेक धनजहून पायी येत होते. गावाबाहेर सोनाजीची भाजीची बाग लागते. विहिरीच्या काठाशी मोट ज्या दगडी कुंडात रिकामी होते, ते थारोळे; तिथून पाणी पाटाने वाफ्यांत जाते. आमच्यासारख्या, ख्रिस्ती होऊनही अस्पृश्यच राहिलेल्यांनी प्यायचे ते खाली, पाटाच्या टोकाचे, चिखलाळ आणि तापलेले. आईला भोवळ येऊ लागली म्हणून शामुवेलने थारोळ्यातल्या गार पाण्यात ओंजळ घातली. सोनाजीने धावत येऊन काठी मारली. पोराचा पाय घसरला, डोके थारोळ्याच्या दगडावर आपटले, आणि तो पुन्हा उठला नाही. ओंजळीतले पाणी आईपर्यंत पोचलेच नाही.

पोराला माती दिल्यावर बाई शाळेत आल्या. प्रार्थना सुरू केली, त्या ओळीपाशी थांबल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "बसा." आमेन नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी हादरलो. पाद्रीसाहेबांनी समजावले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "नाई होत माह्याच्यानं, साहेब. अन् देवाशी खोटं बोलता येत नाई."

याहून मोठा धक्का पुढेच होता. खटल्यात बाईच एकमेव साक्षीदार. आमच्या ख्रिस्ती मंडळीतले वडीलधारे त्यांना म्हणाले, त्याने पोर खाली पडल्यावरही झोडपले असे सांगा, म्हणजे तो जन्मभर बाहेर येणार नाही. बाईंनी कोर्टात सांगितले, "एकच काठी मारली. मंग तो घसरला." सोनाजी थोडक्या सजेवर सुटला. आमची माणसे खवळली. "बाई, पोराच्या जिवावर उदार झाल्या का?" एकाने तोंडावर विचारले. "माफ केलंच हाये, तर आमेन काहून म्हणत नाई मंग?"

"माफ नाई केलं," बाई म्हणाल्या. "पण जे पाह्यलं नाई ते कसं सांगू?"

सोनाजी सजा भोगून आला, त्याची मोट पुन्हा सुरू झाली. आमची प्रार्थना अजून त्या ओळीपाशीच तुटत होती. आणि एका सकाळी बाई त्या ओळीपाशी थांबल्या व म्हणाल्या, "आमेन म्हणू नका रे." त्या दाराबाहेर पडल्या. वर्ग थोरल्या मुलीच्या हवाली करून मी मागोमाग धावलो.

बाई थेट विहिरीपाशी गेल्या. त्यांना पाहताच सोनाजीने बैल थांबवले. भरलेली मोट विहिरीत लोंबकळत राहिली.

"सोनाजी, त्या दिवसाचं माह्यं पाणी राह्यलं हाये. दे."

तो पाटाकडे हात करून पुटपुटला, "घ्या ना, बाई."

"तिथलं नाई. थारोळ्यातलं. तुह्या हातानं."

खोपटातून त्याची बायको ओरडली, "अवो, बाटन ना सगळं! सोयऱ्याइले काय सांगसान?"

सोनाजीने बैल हाकले, मोट वर आली, थारोळे भरले. आपला पितळी लोटा त्याने त्यात बुडवला आणि बाईंच्या हातात दिला. बाई अर्धा लोटा प्यायल्या आणि उरलेला त्याच्यापुढे धरला. सोनाजीने लोट्याकडे पाहिले, थारोळ्याच्या त्या दगडाकडे पाहिले, आणि लोटा तोंडाला लावला. पिता पिताच तो खाली बसला, रडू लागला.

"थंड होतं," बाई म्हणाल्या आणि वळल्या.

मुले उभीच होती. बाईंनी ती ओळ प्रत्येक शब्द सुटा करीत म्हटली. इतक्या दिवसांनी आमच्या वर्गात आमेन झाले.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तिथेच थांबल्या. बराच वेळ थांबल्या. ओठ घट्ट मिटलेले, जोडलेल्या हातांची बोटे पांढरी पडलेली. शेवटी ओळ म्हटली. वर्ग सुटल्यावर मी न राहवून विचारले, "बाई, काल झाले ना सगळे?"

"कालचं काल झालं, मास्तर," फळा पुसता पुसता त्या म्हणाल्या. "शामू आजबी घरी नाई. आजचं आज करा लागते."