पाकळ्या न पडणारं सॉफ्टवेअर

मी आज शिक्षक आहे तो बिलोलीला मी शिकलो त्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. नांदेडला कॉलेजसाठी माझी राहायची सोय त्यांनीच केली.

आता मी शिकवतो त्या औशाच्या शाळेत आठवीच्या मुलींनी आठवडी बाजारावर एक फिल्म काढली होती. ती त्यांनीच एडिट करून सोमवारी तालुक्याच्या स्पर्धेला द्यायची होती. सॉफ्टवेअर निवडायचं काम माझं. पण मुख्याध्यापकांनी पुतण्याच्या लग्नातल्या शूटिंगवाल्याला विचारलं आणि त्याचंच सॉफ्टवेअर लॅबमध्ये टाकून घेतलं. ते उघडलं की आमचे जुने कॉम्प्युटर जागीच थिजायचे. दोन दिवस गेले, एक सीन कापून झाला नाही.

वैतागून मी एक साधं, फुकटचं सॉफ्टवेअर दाखवलं. कापा, जोडा, मराठीत नाव टाका, झालं.

"ह्याच्यात गुलाबाच्या पाकळ्या पडत न्हाईत का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"सर, वांग्याच्या ढिगावर पाकळ्या कशाला?"

"मंग शोभा काय राहिली? शूटिंगवाल्यालाच करू द्या. पोरींना काय कळतंय!"

लॅबची किल्ली माझ्याकडे होती. मी त्या साध्या सॉफ्टवेअरवर मुलींनाच बसवलं आणि त्यांनी फिल्म पुरी केली.

रविवारी बाईंना पत्र लिहिलं: "बाई, फिल्म उद्या स्पर्धेला जाईल. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर पाठवतो आहे. मुख्याध्यापक माझ्याशी बोलत नाहीत. एका ठिकाणी आवाज तुटतो. चुका दिसल्या तर पुढच्या वेळेसाठी कळवा, पण मला नको, मुलींनाच. फिल्म त्यांची आहे."